सेटमधली खराबी

"म्हणजे लाइन कटून राहिली, असंच ना साहेब?" नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा यांनी एवढंच विचारलं. हे म्हणजे माझे यजमान. जवानी फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेली. पेन्शनीवर आल्यावर लाखनीत टीव्ही-पंख्यांचं दुकान टाकलं.

आजार एएलएस. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसा यात हळूहळू मरतात. डोकं मात्र बहुतेकांचं शाबूत राहतं.

"लाइन जोडता येते का?"

"नाही. वेग थोडा कमी करता येईल," डॉक्टर म्हणाले.

हे म्हणाले, "ठीक है, सर."

सुरुवात पेचकसापासून झाली होती. स्क्रू पिळता पिळता तो हातातून सुटायचा. यांनी दोष पेचकसाला दिला, मुठीला टेप गुंडाळली, मग नवा आणला. तोही पडला. तेव्हा कुठे ईएमजी झाली, म्हणजे स्नायूंत सुई टोचून विजेचे संकेत तपासतात. हे दुखणं सोडून मशीनच्या पडद्याकडेच टक लावून होते. काय म्हणावं या माणसाला!

पुढे दर तपासणीला तोच तमाशा. डॉक्टरांनी "काही त्रास?" म्हटलं की हे ताठ होऊन, "फर्स्ट क्लास, सर!" आजारी म्हणून नाव देणारा तो कामचोर, हे फौजेनं हाडात भिनवलेलं. घरी आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचे. सकाळी डोकं ठणकायचं. मी सांगायला तोंड उघडलं की डोळे वटारायचे.

एकदा दवाखान्याच्या बाकावर माझा पारा चढलाच. "काहून खोटं बोलता? मले विधवा कराची लय घाई झाली का?"

मग मला यांचंच दुकानातलं बोलणं आठवलं. गिऱ्हाइकापासून खराबी लपवते तो मिस्त्रीच नव्हे, असं म्हणायचे. मी म्हटलं, "आपलं नोका सांगू. सेटची खराबी सांगा."

आत गेलो. तोवर जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढत बोलले, "सर, सेट में खराबी है. लेटने पर हवा नहीं आती. सुबह सिर फटता है." आणि मान खाली घातली.

"हवालदारसाहेब, हे मला आधी कळायला हवं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. बायपॅप लागलं, म्हणजे तोंडावरच्या मास्कमधून हवा आत ढकलणारं यंत्र. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. यंत्रामुळे हे पुन्हा पलंगावर झोपू लागले, माझ्या शेजारी.

रोज सकाळी मास्क काढून मी विचारायची, "रिपोर्ट?"

"हवा ठीक. हात बंद."

एका सकाळी "हवा ठीक" म्हणून थांबले. ओठ जुळवत राहिले. "मले... भेव लागून राहिला."

सरहद्दीवर असतानाही हे कधी असं बोलले नव्हते. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं. "मलेबी," म्हटलं. दोघंही पोटभर रडलो.

पोळ्याच्या आधी हे गेले.

तुमच्या घरी असा फर्स्ट क्लास माणूस असेल, तर त्याच्या 'ठीक है'वर जाऊ नका. त्याच्या भाषेत विचारा.

आता पुण्याहून लेक रोज फोन करते. "आई, रिपोर्ट?" आधी मीही म्हणायची, ठीक आहे. आता सांगते, "ठीक नाही, बाई. तुह्या बाबाची लय आठवण येऊन राहिली."