मी स्वतः बोलतोय

सत्याला कधी ना कधी वाचा फुटतेच, असं आबा नेहमी म्हणायचे. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सत्याला वाचा फुटताना मी पाहिली आहे. ती सांगलीच्या कोर्टात, चार सेलवर फुटली.

कुंडलच्या पुढं आमचं गाव. सत्तरीच्या दशकात गावात टेलिफोन एकच, आबांच्या सोप्यात. त्यावर काकूंनी विणलेला रुमाल असे आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडे. फोन उचलण्याआधी आबा डोक्यावर टोपी घालत. पलीकडच्याला टोपी दिसत नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, "बोलण्यात कळतं."

एका उन्हाळ्यात शेजाऱ्याची कडब्याची गंज पेटली. माणसं आबांकडे धावली, की साखर कारखान्याचा बंब बोलवा. बंब आला नाही. गंजीची राख झाली. पुढं सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारी सगळ्यांदेखत म्हणाला, "आबांनी फोनला हात बी लावला न्हाई. त्यो फोन नुसता पूजंला हाय."

आबांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. जमीन गेली तरी चालेल, पण दारात आलेल्या माणसासाठी फोन केला नाही, हे ते ऐकून घेणार नव्हते. खरंच दोन दिवस जेवले नाहीत. मी तेव्हा सांगलीत नवा वकील होतो. वकीलपत्र मला मिळालं, कारण मी पुतण्या होतो आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

पुरावा कुठून आणायचा? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलो. तिथले साहेब म्हणाले, जोडला गेलेला ट्रंककॉल आमच्याकडे राहतो, न जोडलेला राहत नाही; आणि बोलणं तर कुठलंच राहत नाही. ते ऑपरेटरच्या लक्षात राहतं, पण ऑपरेटरनं ते ऐकलेलं नसतं असा नियम आहे. त्या वेळचा ऑपरेटरही बदलून गेला होता.

वाट दाखवली काकूंनी. "आवं, त्या वक्ताला मी पोराची कॅसेट भरत हुते की!"

त्यांचा मुलगा फौजेत, आसामात. सुट्टीला येताना त्यानं टेपरेकॉर्डर आणून घरी ठेवला होता. पत्राऐवजी काकू कॅसेटमध्ये बोलत आणि पोस्टानं पाठवत. टेप फोनच्याच टेबलावर होता. आग आग म्हणून माणसं आत घुसली तेव्हा तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. बापाचा आवाज पोराला आयता मिळाला, म्हणून काकूंनी कॅसेट तशीच पाठवली.

आम्ही तार केली. सुट्टीवर येणाऱ्या एका जवानाबरोबर कॅसेट आली. मी मिरज स्टेशनवर गेलो. जवानानं ती छातीच्या खिशातून काढली, पण सोडेना.

"साहेब, परत द्याल न्हवं? आमी रोज लावतो जेवताना. सगळ्यांची तोंडपाठ हाय. आता सुभेदार बी म्हणत्यात, 'हॅलो, मी सोता बोलतोय!'"

मी तडक गाव गाठलं. घरी येऊन म्हणालो, "आबा, कोर्टात देण्याआधी एकदा ऐकूया."

"मी काय बोललो ते मला ठाव न्हाई व्हय रं?" त्यांनी कॅसेट फडक्यात बांधून वर लाखेचं सील केलं.

"फौजेत ती फार लोकप्रिय झालीय, आबा."

"व्हणारच."

कोर्टात आबा फेटा बांधून आले. शेजारी समोरच्या बाकावर बसला होता. न्यायाधीशांनी विचारलं, आवाज ओळखाल का? "हजारात ओळखीन," आबा म्हणाले. मी सील फोडलं, काकूंच्या चार सेलच्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आधी काकू. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आबांचं काय सांगू, फोन आल्यापास्नं पाय जमिनीवर न्हाईत. मग गलका. मग सगळं शांत. टोपी शोधणं चाललं असावं.

"हॅलो. मी स्वतः बोलतोय. ... स्वतः म्हंजे मी. माजी सरपंच आणि सोसायटीचे विद्यमान व्हाइस चेअरमन. ... न्हाई, विद्यमान आधी घ्या. ... नवीन आलाय वाटतं? गाव कुठलं? औंध? वा! यमाईला दरसाल आपला नारळ असतोय."

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, गंज अर्धी गेली!"

"थांब रं, बोलणं चाललंय. ... हां, तर बंब पाठवण्याची व्यवस्था करण्यात यावी. ... आग आमच्याकडं न्हवं, शेजारी. आमच्याकडं कशाला लागंल? ... घाई न्हाई, सावकाश जोडा. देवळाचं काम कुठवर आलं?"

देवळाचं काम बरंच झालेलं असावं. मग मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं.

"आं? संपली? ... हॅलो, आता जोडू नका. कळावे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. लघुलेखकानं नम्रपणे विचारलं, "साहेब, विद्यमान आधी घेऊ का?" त्यानंतर कोर्टात शांतता राखणं कुणालाच जमलं नाही. आबा तेवढे सरळ बसून होते. फेट्याचं टोकही हललं नाही.

शेजारी उठला आणि त्यानं हात जोडले. "आबा, चुकलं माझं. तुमी फोन केलाता. लय केलाता."

निकाल आमच्या बाजूनं लागला. प्रतिवादीचं म्हणणं हातही लावला नाही असं होतं. वादीनं हात लावल्याचं, आणि बराच वेळ लावून ठेवल्याचं, शाबीत झालं होतं. आबांनी गावात पेढे वाटले. कॅसेट कबूल केल्याप्रमाणे आसामला परत गेली.

त्यानंतर गावात कुठं आग लागली, की एक माणूस सायकलवरून कारखान्यावर जाई. बंब वेळेवर येऊ लागला.