कुंकवापुरती जागा

बातमी आली तेव्हा मी वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, अन्वरसर गेले." मी विचारलं, "कुठे?" कारण अन्वर सतत कुठेतरी गेलेलाच असायचा... तो हृदयविकारानं गेला, हे कळायला वेळ लागला. आता काही आठवडे उलटले, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मी गणित शिकवतो, तो रेडिओलहरी शिकवायचा. बसला की त्याचा उजवा पाय हलायला लागायचा आणि टेबल, चहा, माझे पेपर, सगळंच थरथरायचं. "अरे, पाय आहे की पिठाची गिरणी?" मी खेकसायचो. तो पाय थांबवायचा, की बोटं सुरू! त्याचे वडील पत्र्याच्या बादल्या बनवायचे. त्यांच्या कात्रीनं हा तांब्याच्या पत्र्यातून अँटेना कापायचा. वेड एकच, अँटेना पोळीएवढी नको, पुरीएवढी हवी आणि तिनं मोबाइलचे तिन्ही फ्रिक्वेन्सी-पट्टे पकडायला हवेत. एवढ्याशा जागेत लांब लहर मावणार कशी, असं मी विचारलं, तर त्यानं पत्र्यात नागमोडी खाच पाडून दाखवली. "सरळ जाऊ दिलं नाही, की वीज वळसा घालते. घर लहान, पण वाट लांब." एकेका पट्ट्यासाठी एकेक वाट, असा त्याचा हिशेब.

ही सगळी धडपड सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावासाठी होती. तिथल्या सुमनअक्का आशा कार्यकर्त्या. बाळंतपणाची वेळ आली की ॲम्ब्युलन्सला फोन त्यांनीच लावायचा, पण गावात रेंजचा पत्ता नाही. एका टॉवरची वीज गेली की दुसऱ्याचा, वेगळ्या पट्ट्यावरचा सिग्नल धरावा लागे. अन्वरनं अँटेना त्यांच्या ओसरीवर बसवली आणि वायर सिमकार्डच्या टेबलफोनला जोडली. मग रोज संध्याकाळी फोन करून हॅलोऐवजी अक्कांच्याच अहिराणीत विचारायचा, "रेंज शे का?" अक्कांचं "बठ्ठी शे", म्हणजे सगळी आहे, हे ऐकलं की मगच फोन ठेवायचा.

दसऱ्यानंतर मधला पट्टाच गेला. नेमकी तेव्हाच, बाकीच्या टॉवरची वीज गेलेली असताना, एक बाई अडली, फोन लागेना, तिला ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं. बाई आणि बाळ सुखरूप राहिले, पण अन्वरला चैन पडेना. मलाही ओढून घेऊन गेला. पाहतो तर अँटेनेवर हळद-कुंकवाची ओलसर बोटं, खाच भरून गेलेली, आत हिरवा गंज. अक्का बावरून म्हणाल्या, "नवी वस्तू घरमा उनी भाऊ, मंग हळद-कुंकू लावं मी." मला वाटलं, आता हा भडकणार. तो नुसता पुसत राहिला. परतताना एसटीत म्हणाला, "अक्का नाही चुकली रे. मीच तिला जागा ठेवली नव्हती."

मग कापणं, मोजणं, फेकणं सुरू झालं. शेवटी अँटेनेच्या एका कोपऱ्यात त्यानं रुपयाएवढी जागा काढली. तिथं काहीही लावा, तिन्ही पट्टे जागच्या जागी. ती अँटेना टेबलावर तयार ठेवून तो गेला... तिकडे जुनी गंजकी मधूनच चालत होती आणि गावात आणखी एका बाईचे दिवस भरत आले होते. मला झोप लागेना. ज्यानं आयुष्यात साधा फ्यूज बदलला नाही, तो मी अँटेना पिशवीत घालून निघालो.

कशीबशी बसवली. अक्कांनी डोळे पुसत कोपऱ्यातल्या त्या जागेवर कुंकवाचं बोट टेकवलं. मग मधला पट्टा पाहायला त्यांनी फोन उचलला आणि सवयीनं अन्वरचाच नंबर फिरवला. मी अडवायला हात पुढे केला, पण पलीकडे रिंग वाजत होती. त्याचा फोन आता त्याच्या बायकोकडे, शबानाभाभींकडे असतो. रिंग थांबली. भाभींचा बसका आवाज आला, "अक्का... रेंज शे का?"

"शे, भाभी," अक्का म्हणाल्या. "बठ्ठी शे."

मी ओसरीवर टेकलो. शेजारची पाण्याची कळशी थरथरत होती. खाली पाहिलं, तर माझाच उजवा पाय हलत होता.