बाईंनी मागितलेला अर्धा तास

बाई गेल्या तेव्हा मी शालिमार चौकाजवळच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. फोन शाळेतल्या शिपाईमावशींचा होता. "गायधनीबाई गेल्या गं. शाळेला निघायच्या तयारीत होत्या, खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच..." हातातलं पत्रक बाईंचं आणि माझं होतं. शाळा सुटल्यावरही एक वर्ग उघडा ठेवा, मुलांना तिथंच बसून अभ्यास करू द्या, एवढीच त्यातली मागणी. बाईंची सही घ्यायची राहिली होती. छापखान्यातले काका म्हणाले, "छापू की थांबू?"

बाई मला सातवीत गणिताला होत्या. अंबडच्या कारखान्यांमागच्या वस्तीतली आमची शाळा. वडील युनियनचे, त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि गणितं सोडवायचे त्यांच्याच कोऱ्या पाठीवर. बाई कागद उलटून दुसरी बाजूही वाचायच्या. "तुझं उत्तर चुकलंय, पण वडिलांनी मागण्या मुद्देसूद मांडल्यात," म्हणायच्या. वर्ग हसायचा, मीही हसायचे.

मोठी झाल्यावर त्याच शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी गृहपाठाविरुद्ध पत्रकं वाटली. त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. एका खोलीच्या घरात रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असतो, तिथं मुलानं वही कुठं मांडायची? गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या मुलाचा प्रकल्प त्याची आई करते, नाहीतर स्टेशनरीचं दुकान करून देतं, उत्तरं मोबाइल देतो. आमच्या मुलाला मात्र वही कोरी म्हणून वर्गाबाहेर उभं करतात. घरच्या गरिबीची शिक्षा शाळेत. बाईंनी ते पत्रक तिथंच उभ्या उभ्या वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"सगळं खरं आहे. पण हे एखाद्या मुलग्यानं लिहिल्यासारखं वाटतं."

"म्हणजे?"

"तू संध्याकाळी गणितं करायचीस तेव्हा भाकऱ्या कोण थापायचं?"

माझी ताई. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती...

"तिला गृहपाठ नव्हता," बाई म्हणाल्या.

मी चिडले. मग घरकामाच्या वाटणीवर उघड भांडू या, गृहपाठाच्या आडून कशाला, असं म्हणाले. "भांड ना. मीही येते," त्या म्हणाल्या. "पण ते भांडण जिंकेपर्यंत पोरींची आजची संध्याकाळ कुठं ठेवायची?"

पुढे संस्थेनं गृहपाठ बंद केला. माझ्या पत्रकामुळे नव्हे, तर 'गृहपाठमुक्त शाळा' असा फ्लेक्स फाटकावर लावता येतो म्हणून. बाई मात्र आपल्या वर्गातल्या मुलींना गुपचूप गणितं देत राहिल्या. पालकसभेत ते फुटलं. वस्तीतली कार्यकर्ती म्हणून मी मागच्या बाकावर होते. मूळच्या निफाडकडच्या मंगलताई, अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहेत, त्या उठून म्हणाल्या, "गृहपाठ बंद केला म्हणता, मग आमची कोमल रोज संध्याकाळी काय लिहीत बसती? काम सांगावं तर म्हणती, बाईंनी दिलंय." मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. "दिलंय मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "कच्ची आहे ती." त्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली.

सभा संपल्यावर मंगलताईंनी बाहेर आम्हाला गाठलं. "पयली येती ती गणितात. कच्ची कशी?"

"अर्धा तास बसू द्या हो तिला. भाकरी तुमच्या हातची जास्त चांगली होते, कोमलच सांगते."

"मी आठ तास उभी ऱ्हाते, बाई. घरी येऊन परत उभी राहू?"

बाईंनी मंगलताईंच्या पायांकडे पाहिलं. रिक्षास्टँडपर्यंत चालताना मला म्हणाल्या, "त्यांचंही खरं आहे गं. एकीचा अर्धा तास मी दुसरीच्या पायांतून काढतेय." मग स्टँडवर पोचल्यावर, "पोरगी शाळेतच बसली तर हाक मारायला घरात नसेल. निदान बाप तरी उठेल कामाला." उघड्या वर्गाचं पत्रक तिथं, रिक्षाची वाट बघताना ठरलं. गृहपाठ घरी नको हे माझं म्हणणं, आणि अभ्यासाची संध्याकाळ हवी हे त्यांचं. दोन्ही एका पानात मावत होतं. इतके दिवस आम्ही एकमेकींशी वाद घातला, तो दोघींनी मिळून संस्थेशी घालायचा होता. ते नुकतं कुठं जमू लागलं होतं...

पत्रक छापलं. बाईंच्या सहीची जागा कोरी ठेवली. संस्थेनं ते घेतलं आणि "बघू" म्हणाली. शाळा सुटली की बाईंच्या वर्गाला कुलूप लागतं. मला राग येतो, पण या वेळी त्या रागाला समजावणारं कुणी नाही.

गेल्या आठवड्यात पत्रकं वाटत मंगलताईंच्या घरी गेले. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या, अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच. कोमल कोपऱ्यात लिहीत होती. मी वाकून पाहिलं, गणितं पुस्तकातली नव्हती.

"कुणी घातली?"

"मीच," ती मान वर न करता म्हणाली.

तिचे वडील दारातून म्हणाले, "कोमल, चहा टाक."

"मी टाकते," मंगलताई म्हणाल्या. "तिचा गृहपाठ हाय."

"बाई गेल्या ना तिच्या?"

"गेल्या. गृहपाठ ऱ्हायलाय."

मंगलताईंनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि गॅस पेटवला.