तक्त्यात न बसलेल्या मावशी

"लिव्हा की, पण नाव घालू नका."

असं म्हणून मावशी माझ्या कागदावर तळहात ठेवायच्या. हात ओला असो, शेणाचा असो की वांगी चिरून काळा पडलेला असो, तो कागदावर यायचाच. प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यातून त्यांची प्रश्नावली शोधायला मला कधी वेळ लागला नाही. डाग दिसला की कळायचं. म्हणून इथेही मी नाव घालत नाही. त्यांचं तेवढं एक मी ऐकलं आहे.

बेट म्हटलं की तुमच्यापुढे समुद्र आणि नारळ येत असतील. आमचं बेट गोदावरीच्या पात्रातलं, नांदेडच्या खालच्या अंगाला. एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाची शेळी कान टवकारते, एवढंच. बाभळी, अकरा घरं, गाळात लावलेली वांगी आणि टरबुजं, बाकी मासे. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याची आशा नव्हती. 'नदीतील बेटाचे पर्यावरण व समाजजीवन' असा विषय मी घेतला. तो ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजे आमीच न्हवं?"

तुम्ही कधी संशोधन करणारा माणूस पाहिला असेल तर तुम्हाला त्याची कीव आली असेल. त्यांच्या चुलीपुढे बसून, धुराने डोळे पुसत, मी विचारायचो, "आपण कोणत्या इंधनाचा वापर करता?" मावशी एकदा चुलीकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. "दिसून राहिलंय की सर." मग मला चष्म्याचा नंबर विचारायच्या. पर्यावरणातील बदलांची जाणीव आहे का, या प्रश्नाला तीन पर्याय होते: होय, नाही, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "तिसरं लिव्हा. ते लई बरं हाय, कुनी फिरून इचारत न्हाई."

मी मातीचे नमुने पिशव्यांत भरायला लागलो की त्या गाळातली कुठली माती कधी आली ते सांगायच्या. ही औंदाची, ही दोन वर्षांमागची, हिच्यात वांगी येतात, हिच्यात काही येत नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे. प्रबंधात ते 'स्थानिक माहितीनुसार' असं आलं आहे.

दोन वर्षं मी जात राहिलो. भाकरी त्यांच्याकडेच. मी संकोच केला की म्हणायच्या, "खावा. इचारून इचारून बेजार झालाव."

आता मूळ गोष्टीवर येतो. पावसाळ्यात नदी लाल झाली की बेटावरची माणसं घरांची दारं बांधून, शेळ्या आणि धान्य घेऊन थडीला, म्हणजे काठावर, नातेवाइकांच्या शेतात जाऊन राहत. चार महिन्यांनी परत. पण एक चूल मागे ठेवायची अशी त्यांची रीत होती. उंचवट्यावरच्या घरात एक माणूस राहायचं, सकाळ-संध्याकाळ धूर करायचं. थडीवरून धूर दिसला की सगळ्यांना बरं वाटायचं. पूर्वी पाळी असायची. मी गेलो तेव्हा कितीतरी वर्षं मावशीच राहत होत्या.

"कशाला राहता?" मी विचारलं.

"ओस पडली की नदी जागा घिऊन जाती, सर. मानूस दिसाय पायजे तिला."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. शेळीला बोलत बसते." मग तळहात कागदावर. "लिव्हा, पण नाव घालू नका. पोरगं नांदेडात हाय, गॅरेजमदी. त्याला लोक म्हनतील, माय पुरात सोडली."

मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

प्रबंधाचा शेवटचा कच्चा खर्डा घेऊन मी मार्गदर्शकांकडे गेलो. माझा सगळ्यात देखणा निष्कर्ष म्हणजे वर्षातले आठ महिने नांदणारं आणि चार महिने रिकामं होणारं बेट. मार्गदर्शक खूश झाले. तक्त्यात पावसाळ्याच्या रकान्यात 'एक' होता, त्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली. "एका बाईसाठी निष्कर्ष कशाला लंगडा करता? अपवाद म्हणून तळटीप द्या, नाहीतर काढा."

तळटीप दिली असती तर तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला असता. मी काढून टाकला. मावशीच नाव घालू नका म्हणाल्या होत्या, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत घालायला मला फार वेळ लागला नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

पीएच.डी. झाली, नोकरी कायम झाली. सत्काराचा हार गळ्यात असतानाच मी प्रबंधाची एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती. साहेबांनी चहा दिला, पानं चाळली आणि म्हणाले, "आमच्या पुराच्या आराखड्याला उपयोगी पडेल." मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्याच वर्षी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. संध्याकाळी बेटावरच्या एकाचा थडीवरून फोन आला. "सर, मावशी तिथंच हायेत. बोटवाले यादी दाखवून राहिलेत. बेटावर कुनी न्हाई म्हनतेत. यादीतली गावं झाली की बघू म्हनतेत. तुमच्या पुस्तकात हाय म्हनं."

"मी बघतो," मी म्हणालो.

आणि खुर्चीत बसून राहिलो. साहेबांना फोन करायचा म्हणजे काय सांगायचं? माझा तक्ता चुकला आहे? की चुकलेला नाही, मी चुकवला आहे? शब्द जुळवता जुळवता जेवणाची वेळ झाली. मी जेवलो. फोन सकाळी केला. साहेब भले, त्यांनी लगेच बोट वळवली, पण मावशींना आणेपर्यंत दुपार झाली. सगळा एक दिवस आणि एक रात्र त्या गुडघाभर पाण्यात, ओट्यावर, एका शेळीला धरून उभ्या होत्या. चूल केव्हाच वाहून गेली होती.

थडीवरच्या शाळेत त्यांना बसवलं होतं. मी पोचलो तेव्हा साहेब तिथंच होते, आजूबाजूला बेटावरची माणसं. साहेब चिडलेले होते. "इथं कुणी राहत नाही असं लिहिलं कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी बोलल्या. ओठ निळे पडले होते, आवाज नीट येत नव्हता.

"म्याच सांगितलं व्हतं सरांला, लिवू नका म्हनून. त्यांचा काय कसूर न्हाई."

साहेब त्यांनाच रागावले. म्हातारपणी असला हट्ट करू नये, सरकारी माणसांचा जीव धोक्यात घालू नये, वगैरे. मावशी खाली मान घालून "हाव, हाव" म्हणत राहिल्या. मी उघडलेलं तोंड मिटलं. शेजारच्या माणसाने मला पाणी दिलं आणि मी ते प्यालो.

त्यानंतर त्यांचे पाय आखडले ते सुटलेच नाहीत. मुलाने त्यांना नांदेडला आपल्या खोलीवर आणलं. माझ्या घरापासून ती खोली स्कूटरवर दहा मिनिटांची. जायला मला आठ महिने लागले. अर्धापूरची केळी घेऊन गेलो. मुलगा कामावर होता, सून आत होती. मी सगळं सांगून टाकलं. त्या फक्त नाव घालू नका म्हणाल्या होत्या, माणूस मीच खोडला, फोनही मीच उशिरा केला.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमची नवी नोकरी व्हती." आणि जणू फार महत्त्वाचं काही झालं नाही अशा थाटात त्यांनी विचारलं, "औंदा कोन राहून राहिलं तिथं?"

कुणीच राहणार नव्हतं. त्या पुरानंतर कार्यालयाने सक्त मनाई केली होती आणि बेटावरच्यांनीही धसका घेतला होता. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी म्हणालो, "मी बघतो ना."

"तुमी राहताव?"

"हो, राहीन की."

आजाऱ्याला माणूस जे काय बोलतो तसं बोललो. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना धूर कसा करायचा ते सांगितलं. ओली लाकडं वर, वाळकी खाली. मी हो हो म्हटलं.

दसऱ्यानंतर कळलं की मावशी गेल्या. मी भेटायला गेलो. मुलाने गॅरेजचे हात धुऊन स्वतः चहा केला. म्हणाला, पावसाळाभर माय दोन्ही टैम जेवायच्या आधी एकच विचारायची, बेटावर कोण हाय. न सांगितलं तर ताट सरकवायची.

"घरातल्या, गावातल्या समद्यांची नावं घिऊन बघितली, सर. तिला पटायचं न्हाई. तुमचं नाव सांगितलं की जेवायची. म्हनायची, सरांनी कबूल केलंय." त्याने माझ्यापुढे कप ठेवला. "लई उपकार झाले सर. एवढ्या पुरात तुमी राह्यलाव."

चहा गरम होता. मी तो बशीत ओतून संपवला आणि उठलो. त्या चार महिन्यांत मी एकदाही नदीकडे गेलो नव्हतो.