दुपट्ट्याखालचा भाव

"या बाई. घाला हात."

दलालाने खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर पसरला आणि तो झाकलेला हात माझ्यापुढे धरला. संत्र्याच्या बाजारात सकाळची गर्दी होती. ढिगांमधल्या वाटेवर हमाल डोक्यावरच्या टोपल्यांसकट थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "बांगड्या सांभाळा जी, फुटतीन." सगळे हसले.

"काहून बाई, भेव लागून राहिलं का? भाव असाच होते इथं."

ते खरं होतं. आमच्या नागपूरच्या बाजारात तेव्हा मोठा सौदा तोंडाने होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली एकमेकांचा हात धरत. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, त्यावरून भाव ठरे. तोंडं गप्प, चेहरे कोरे. शेजारी उभ्या माणसालाही काही कळत नसे. आणि परक्या पुरुषाच्या हातात, कापडाखाली, चारचौघांत हात देणारी बाई कोणी पाहिली नव्हती.

मी हात घातला असता तर निर्लज्ज. नाही घातला तर नालायक. मी नुसती उभी राहिले. दुपट्ट्याला संत्र्याच्या सालीचा आणि घामाचा वास येत होता. तो वास अजून आठवतो.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब माझ्या शेजारी होते. मला वाटलं, ते काही बोलतील. ते हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच. मग त्यांनी भाच्याला खूण केली. हा भाचा, शिरीष, जीप चालवायला म्हणून आला होता. त्याने बाही वर सारली आणि हात कापडाखाली घातला. क्षणभर दोघं आकाशाकडे पाहत राहिले. हात सुटले. सौदा झाला.

"काय भाव ठरला?" मी विचारलं.

"तुम्हाला काय करायचं आहे बाई," शिरीष म्हणाला. "तुम्ही बाटल्या बघा."

मुलांनो, संत्र्याच्या स्क्वॅशच्या ज्या केंद्रासाठी तो माल घेतला गेला त्या केंद्राची प्रकल्प व्यवस्थापक मी होते.

परवा फोनवर तुमच्यापैकी एकीने मला विचारलं, "आजी, आमच्या ऑफिसात एक प्रशिक्षण आहे. प्रोजेक्ट मॅनेजरने उद्योजकासारखं कसं वागायचं. तुमच्या वेळी हे कुठे शिकवत?" फोनवर मी काहीतरी सांगून विषय बदलला. आता नीट लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्ये काही विचारावं लागणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मुलीला चांगलं इंग्रजी यावं एवढी एकच हौस त्यांनी केली. पुढे मी फळं टिकवण्याचं शास्त्र शिकले. लग्नानंतर घरी बसायचं नव्हतं. दादासाहेबांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान होतं आणि शहरात मान होता. त्यांच्या संस्थेला बायकांसाठी संत्र्याच्या स्क्वॅशचं केंद्र काढायचं होतं. त्यासाठी सरकारदरबारी इंग्रजीत योजना द्यावी लागे. ती लिहिणारी बाई त्यांना मिळाली.

योजना मी लिहिली. यंत्रं मी निवडली. जरीपटक्याच्या बाजारात फिरून बाटल्या मी जमवल्या, उकळून घेतल्या, बुचं तपासली. आसपासच्या वस्तीतल्या बायका कामाला आल्या. बी न चिरडता रस कसा काढायचा हे त्यांना मी शिकवलं, कारण बी चिरडलं की रस कडू होतो. माझ्या टेबलावर हुद्द्याची पाटी होती. पाहुणे आले की दादासाहेब मला बोलवत. "आमच्या बाई फाडफाड इंग्रजी बोलतात. बोला बाई." मी बोलायची. पाहुणे माना डोलवायचे. एखाद्या घरी पोपट असतो, तशी.

एकदा बाहेरगावचे एक साहेब व्याख्यान द्यायला आले. विषय हाच, तुमचा. व्यवस्थापकाने हुकमाची वाट पाहू नये, पुढाकार घ्यावा, जोखीम उचलावी, नवा रस्ता शोधावा. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. दादासाहेबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. निघताना म्हणाले, "ऐकलं ना बाई? घ्या पुढाकार." मला ते खरं वाटलं. म्हणूनच मी त्या सकाळी बाजारात गेले होते. माल स्वतः निवडायचा होता.

शिरीषने घेतलेला माल केंद्रात आला. वरून पिवळाधमक. हातात घेतलं की साल ढिली, आत फोड सुकलेली. फोपशी संत्री. बायका पिळून दमल्या, रस निघेना. आठवडा संपला तेव्हा दादासाहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"बाटल्या कमी का भरल्या?"

"माल सुका होता."

"माल शिरीषने घेतला. बाटल्या भरणं तुमचं काम. जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? निवड त्याची, उत्तर माझं. पाटी माझी, हात त्याचा. घरी येऊन मी स्वयंपाक केला. तुमच्या आजोबांनी विचारलं, "गप्प का?" मी सांगितलं. ते भले माणूस होते. म्हणाले, "सोड ना. पगार तर मिळतो." त्यांना वाटलं त्यांनी मला धीर दिला.

पुढच्या बाजारालाही मी गेले. या वेळी मागे उभी राहिले. शिरीष पुढे. एका ढिगाशी एक बाई बसली होती. लुगड्याचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू. हातात एक संत्रं, ते उगाच पुसत होती. तिच्यासमोर दलाल आणि शिरीष कापडाखाली बोटं दाबत होते.

"हा माल कोणाचा?" मी तिला विचारलं.

"माहाच."

"मग भाव काय चालला आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी गमतीचं बोलले होते. "मले काय मालूम बाई? माल माहा, भाव त्याईच्या बोटात. झाल्यावर सांगतीन तो खरा."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येते ना. राग आला त संत्रा काय झाडावर परत जाते?"

तिचं नाव कौसाबाई. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात तिची बाग होती. नवरा आजारी, बाग तीच पाहायची. मी तिच्या शेजारी उभी राहून तो दुपट्टा पाहत होते. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मला वाटत होतं, मी बाई म्हणून बाहेर आहे. पण जिची झाडं, जिचं पाणी, जिचा माल, तीही बाहेरच होती. कापडाच्या आत फक्त दोन हात. बाकी सगळे बाहेर.

"मी तुमच्या बागेत येऊन माल घेतला तर?" मी विचारलं.

"या ना. कोनं आडवलं?"

मी दादासाहेबांना आधी विचारलं. हे मुद्दाम लिहिते. मी लपून काही केलं नाही. ते दुकानात गादीवर बसले होते, समोर कापडाचे तागे उलगडलेले. "थेट बागेतून? करून पाहा की," ते म्हणाले. "पुढाकार चांगलाच असते."

एसटीने गेले. फाट्यापासून पायी. कौसाबाईच्या विहिरीवरचा पंप चालू होता. आंबिया बहराचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पिकणारं, फळ झाडाला लटकलं होतं. तिने एक संत्रं तोडून सोललं. रस मनगटापर्यंत ओघळला.

"भाव बोला," मी म्हणाले.

तिने पदर हातावर ओढला आणि तो हात माझ्यापुढे केला. मग स्वतःच्याच हाताकडे पाहून हसू लागली. "पाहा ना, आमाले बी तीच आदत लागली." मीही हसले. त्या सगळ्या दिवसांतलं तेवढंच हसू.

पदर बाजूला झाला. आता तोंडाने बोलायचं होतं आणि दोघींनाही बोलता येईना. आजूबाजूच्या बागवाल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. शेवटी कौसाबाईने भाव सांगितला, पण तोंडातल्या तोंडात. "मोठ्यानं सांग ना वं," कुंपणापलीकडून एक जण म्हणाली. तिने मोठ्याने सांगितला. मी माझा सांगितला. सगळ्यांनी ऐकला. थोडं तिने सोडलं, थोडं मी. सौदा उन्हात झाला.

"केंद्र माल घेईल," मी म्हणाले. "माझा शब्द."

ठरल्या दिवशी कौसाबाई ट्रकबरोबर स्वतः आली, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. नवं लुगडं नेसली होती. केंद्राचं फाटक बंद होतं. आतून कुलूप. पलीकडे शिरीष खुर्ची टाकून बसला होता. चाबी त्याच्या बोटात फिरत होती.

"उघडा," मी म्हणाले.

"मामा येतील. मग."

दादासाहेब आले. त्यांनी मला बाजूला नेलं. सकाळी सकाळी दलाल त्यांच्या दुकानावर जाऊन बसले होते. बाजार सोडून थेट माल घेणार असाल तर आमची माणसंही लग्नसराईचं कापड दुसरीकडे घेतील, असं सांगून गेले होते.

"माल परत पाठवा," दादासाहेब म्हणाले.

"तुम्हीच करा म्हणाला होता."

"करून पाहा म्हणालो होतो. पाहिलं. झालं."

"मी शब्द दिला आहे."

"तुम्ही पगारी आहात बाई. शब्द संस्थेचा असते, पगारी माणसाचा नसते." मग आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला त्या दुपट्ट्यासारखाच वाटला. "हे पाहा, सोपं आहे. तिला सांगा, माल खराब निघाला. तुम्ही तज्ज्ञ आहात, तुमचं कोणीही ऐकेल. संस्थेवर काही येणार नाही, तुमच्यावरही नाही."

मी फाटकाकडे पाहिलं. आत कामाच्या बायका चाकू हातात घेऊन उभ्या होत्या. बाहेर कौसाबाई उभी होती.

"काहून बाई?" तिने विचारलं. "फाटक काहून बंद हाय?"

'माल खराब' हे माझ्या तोंडून निघालं असतं तर ते बाजारभर झालं असतं. पुढे कितीतरी बहर तिला कोणी विचारलं नसतं. आणि ते माझ्याच शिक्षणाच्या जोरावर झालं असतं. मला बोलता येतं म्हणून मला ठेवलं होतं. आता काय बोलायचं तेही तेच सांगत होते.

मी बोलले. बागेत भाव सांगितला होता तेवढ्याच मोठ्याने.

"माल चांगला आहे. फाटक यांचं आहे. हे उघडत नाहीत."

शिरीषच्या हातातली चाबी थांबली. दादासाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची पाटी घेऊन जा."

मी पाटी आणायला आत गेले नाही. आत जायला फाटक उघडावं लागलं असतं.

तुम्हाला वाटेल, इथे काहीतरी घडलं असेल. आतल्या बायकांनी कुलूप तोडलं असेल, शेजाऱ्यांनी माल घेतला असेल. तसं काही झालं नाही. आतल्या बायकांना घरी चुली होत्या, त्या खाली पाहत राहिल्या. माझ्याकडे ना जागा होती, ना यंत्र, ना ट्रकभर संत्र्याचं काही करण्याची ताकद. ऊन चढत होतं. फळ थांबत नाही.

"बाजारात घ्या," कौसाबाई ड्रायव्हरला म्हणाली.

मीही तिच्या शेजारी बसून गेले. तिथे तोच दलाल. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि दुपट्टा पसरला. दुसऱ्या कोणाचा तरी हात आत गेला. आम्ही दोघी ढिगाशी उभ्या राहिलो. मी काही करू शकले नाही. तो माल किती भावाने गेला हे मला आजही माहीत नाही. तिला जे सांगितलं ते तिने घेतलं.

बाजार पांगला तेव्हा मी म्हणाले, "कौसाबाई, मला माफ करा."

ती लुगड्यावरची धूळ झटकत होती. "माफी काय कराची बाई? तुमी खोटं नाही बोलल्या, थे मी आयकलं." मग माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "पर पुढल्या टायमाले कोनाले शब्द देसान, तवा आंधी पाहून घेजा. चाबी कोनापाशी हाय."

ती एसटी स्टँडकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

मी घरी चालत आले. तुमच्या आजोबांना नोकरी गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरी मिळेल." मी म्हणाले, "दुसरी नको." त्यांना वाटलं मी दमले आहे. मी दमलेही होते. हातात काही नव्हतं, आणि लवकर काही येईल असंही दिसत नव्हतं.

पण एक गोष्ट पक्की झाली होती, आणि ती कोणत्या व्याख्यानात ऐकलेली नव्हती. माझा भाव मी तोंडाने सांगेन, चारचौघांत, मग कोणी हसो. आणि ज्या फाटकाची चाबी माझ्याकडे नाही, त्या फाटकाच्या भरवशावर मी कोणालाही शब्द देणार नाही. ती चाबी मागून मिळत नाही. फाटकच आपलं उभं करावं लागतं.

तुम्ही त्या प्रशिक्षणाला जा. नीट ऐका, टिपून घ्या. ते पुढाकार घ्या म्हणतील. तेव्हा हात वर करा आणि विचारा, चाबी कोणाकडे आहे.