कमलकाकूंची बॅटरी घरी का भरत नव्हती

“तुमच्यापाशी असली का सुदी राह्यते. माह्या घरी आली का रुसते.”

कमलकाकूंनी बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली आणि पदराने घाम पुसला. तेरा किलोची ती पेटी त्या एसटीने घेऊन आल्या होत्या, खताच्या रिकाम्या पोत्यात घालून. महिन्याभरातली ही तिसरी वेळ.

मी चिखलीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम पाहतो. त्याआधी पंधरा वर्षं मोटार रिवाइंडिंग केलं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. पंपाचं गिऱ्हाईक आलं की आधी शिव्या देतं, मग चहा मागतं. स्कूटरचं गिऱ्हाईक नवीन होतं, त्याचा स्वभाव अजून कळायचा होता. कमलकाकूंचा मात्र पहिल्या दिवसापासून कळला होता. आमच्या गिऱ्हाइकांतली ती एकटीच बाई, जी डिलिव्हरीच्या दिवशी वही-पेन घेऊन आली होती.

त्यांचं गाव अमडापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. चार एकर कपाशी. विष्णुकाकांना, म्हणजे त्यांच्या मालकांना, लकवा झाला आणि डावी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा चिखलीला व्यायामाला आणायचं, खंड पाडायचा नाही. जीपमध्ये चढवताना-उतरवताना काकांचे हाल व्हायचे. म्हणून काकू वयाच्या चोपन्नाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर स्कूटर शिकल्या. काकांना मागे बसवायचं, नऊवारीच्या जुन्या पट्ट्याने स्वतःच्या कमरेशी बांधायचं आणि निघायचं. पाच महिने सुरळीत चाललं.

मग डिसेंबरात एक दिवस चिखलीहून परतताना गाडी रस्त्यातच बंद पडली. काका मागे बांधलेले, काकूंचे दोन्ही पाय जमिनीवर, आणि उतरायचं तर गाडी कोण धरणार? एका ट्रॅक्टरवाल्याने दोघांना उतरवलं. त्या दिवसापासून काकांनी गाडीवर बसायचं सोडलं. व्यायाम बंद झाला.

“घरी चार्जरचा हिरवा दिवा लागते,” काकू सांगत होत्या. “हिरवा म्हंजे फुल, असंच सांगितलं होतं ना तुमी? पन गाडीले लावली का चारातल्या दोनच काड्या. त्या दिवशी मी हिरवा पायला अन् निंगाली. काड्या पायल्याच नाईत.”

मी बॅटरी आमच्या चार्जिंग पॉइंटला लावली. साडेचार तासांत भरली. शोरूमच्या गाडीला लावून पाहिली तर चारही काड्या, म्हणजे पडद्यावरच्या चार्जच्या चारही रेघा. मागच्या खेपेला त्यांच्याच चार्जरने लावून पाहिली होती, कारण दोष चार्जरमध्येही असू शकतो. तेव्हाही चारही काड्या. तेव्हाच कंपनीच्या टेस्टरवर रिपोर्ट काढला तर सगळे सेल निरोगी. सेल म्हणजे बॅटरीच्या पोटातल्या छोट्या-छोट्या नळकांड्या. त्यातली एक जरी आजारी पडली तरी टेस्टर लगेच चाडी करतो. इथे चाडी करायला काहीच नव्हतं.

“किती तास लावता काकू?”

“संध्याकायपासून सकायपोतर.”

“आमचाच चार्जर लावता ना? फवारणीच्या पंपाचा नाही?”

“मले येवढं कळते, सलीमभाऊ.”

त्यांनी वही उघडून दाखवली. कोणत्या तारखेला किती वाजता लावली, किती वाजता काढली, सगळं लिहिलेलं. मी वरमलो.

शेठजी केबिनमधून ऐकत होते. काकू पाणी प्यायला गेल्या तसे ते बाहेर आले.

“कंपनीचं काय म्हणणं आहे?”

“रिपोर्ट ओके आहे, म्हणून क्लेम नाकारला. मिसयूज म्हणतात.”

“मग आपण काय करणार? सांगून टाक, नवीन बॅटरी घ्या.”

“चांगली बॅटरी असताना?”

शेठजी वाईट माणूस नाहीत. त्यांना रोज दहा लोक दहा तक्रारी सांगतात. ते म्हणाले, “मग तूच जाऊन पाहा. शोरूमच्या वेळात नाही.”

माझा संशय व्होल्टेजवर होता. त्या दिवसांत गव्हाला पाणी चालू असतं. गावातल्या सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की घरातला दाब पडतो आणि चार्जर मधेच थांबतो. सुट्टीच्या दिवशी मीटर घेऊन सकाळीच गेलो.

काका ओसरीवर बाजेवर बसले होते. डावा हात उजव्या हाताने धरून वर-खाली करत होते. बोटं आत वळायला लागली होती. आधी ती एवढी वळलेली नव्हती.

“ये सलीम,” ते म्हणाले. त्यांचं बोलणं जड असतं, शब्द सावकाश येतात. “डॉक्टर आला बा, गाडीचा.”

ओसरीवरच्या बोर्डात मीटर लावून पाहिलं. गावातल्या मोटारी चालू होत्या, तरी दोनशेच्या वर दाब होता. माझा संशय खोटा ठरला.

“बॅटरी कुठे लावता?”

“मधल्या खोलीत. या ना,” काकू म्हणाल्या आणि दार ढकललं.

आत कापूस होता. दाराच्या चौकटीपासून थेट वरच्या पाटईपर्यंत, म्हणजे छताच्या फळ्यांपर्यंत. त्या वर्षी भाव पडला होता आणि घराघरात लोकांनी कापूस धरून ठेवला होता. शेवटच्या वेचणीचा तर गुलाबी अळीने डागलेला, पिवळट. तो वेगळा, कोपऱ्यात. जायला फक्त एक बोळ ठेवलेला. बोळाच्या शेवटी भिंतीत प्लग आणि त्याच्याखाली, कापसाला अगदी टेकून, एक गोधडी. नीट चारही बाजूंनी खोचलेली.

गोधडीतून वायर बाहेर आली होती.

मी आधी बटण बंद केलं. मग गोधडी उचलली. खाली बॅटरी होती आणि बॅटरीला लागून चार्जर. चार्जरला हात लावला आणि लगेच काढून घेतला. गोधडीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता, इस्त्री जास्त वेळ राहिल्यावर पडतो तसा.

रिवाइंडिंगच्या दिवसांत मी जिनिंगमध्ये मोटारी बसवायला जायचो. जिनिंग म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. कापसाची आग मी पाहिली आहे. ती वरून दिसत नाही. ठिणगी आत शिरते, गंजीच्या पोटात सरकत राहते आणि बाहेर येते तेव्हा धावायला वेळ उरलेला नसतो. ओसरीवर बसलेल्या माणसाला तर स्वतःच्या पायांनी उठताही येत नव्हतं. मी प्लगही भिंतीतून उपटून काढला.

“काकू, ही गोधडी काऊन टाकली?”

“थंडी पडून राह्यली ना. अंगनातल्या नयाचं पानी सकायी बर्फावानी असते. हे तं बिचारी लोखंडाची.”

“पन कोनी सांगितलं असं?”

त्या ओसरीवर गेल्या. मग वही आणली आणि डिलिव्हरीच्या दिवशीचं पान काढलं. स्वच्छ अक्षरात पहिलीच ओळ होती: बॅटरीले लेकरावानी जपा.

“तुमीच तं म्हनले होते,” त्या म्हणाल्या.

म्हणालो होतो. प्रत्येक डिलिव्हरीला म्हणायचो. गिऱ्हाईक हसतं, फोटो चांगला येतो. ते वाक्य कुणी घरी नेऊन त्याप्रमाणे वागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मुलं-सुना बाहेरगावी; दोन्ही सुनांच्या बाळंतपणात वापरलेली गोधडी होती ती, काकूंनीच सांगितलं.

मी बोळातच उकिडवा बसलो आणि समजावून सांगितलं. चार्जरला भोकं असतात, आत छोटा पंखा असतो, तो त्या भोकांतून श्वास घेतो. गोधडीने श्वास कोंडला की चार्जर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच करंट बंद करतो. करंट बंद झाला की दिवा हिरवा होतो. म्हणजे तो हिरवा ‘भरली’ असं सांगत नव्हता, ‘थांबलो’ असं सांगत होता. दोन्हीला एकच रंग दिलाय, ही बनवणाऱ्यांची हुशारी. आपल्याकडच्या थंडीने बॅटरीचं काही बिघडत नाही. तिला त्रास होतो तो उन्हाचा आणि गरमीचा. प्रवासातून आली की अर्धा तास निवू द्यायची, मगच लावायची. पूर्ण रिकामी होईपर्यंत पळवायची नाही. आणि कापसाजवळ कधीच नाही.

काकूंनी सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी एकदा खोलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. वर्षाचं पीक आणि नवरा एकाच छपराखाली होते.

“मी तं हिले जपून राह्यली होती,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही जपलीच. सांगण्यात चूक माझी झाली.”

प्रश्न उरला जागेचा. दुसऱ्या खोलीत चूल आणि धान्य. ओसरी चांगली होती, वारा खेळता, सावली दिवसभर. पण ओसरीला दार नव्हतं.

“चोरीले गेली तं?” काकू म्हणाल्या. “अंगनातून शेयी नेली होती मांगच्या साली.”

मी लोखंडी पेटीचा विचार करत होतो, पण बंद पेटीत पुन्हा तोच कोंडमारा. तेवढ्यात बाजेवरून काका म्हणाले, “कूलर.”

आम्हाला कळलं नाही. त्यांनी उजव्या हाताने अंगणाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे जुना लोखंडी कूलर पडला होता. मोटार जळालेली, आतली गवताची जाळी सडून गेलेली, उरला होता नुसता सांगाडा. तीन बाजूंना तिरप्या पट्ट्यांची झाकणं, चौथीला पंख्याची जाळी.

“वारा जाते. हात जात नाई. कुलूप लागते,” काका म्हणाले. एवढं बोलून ते दमले.

त्या माणसाकडे मी नव्याने पाहिलं. पंधरा वर्षं मोटारी आणि दोन वर्षं बॅटऱ्या, तरी मला हे सुचलं नव्हतं.

दुपारपर्यंत आम्ही कूलर घासला, सडकं गवत काढलं, तळाच्या पाण्याच्या टाकीत फरशीचा तुकडा टाकला आणि कूलर ओसरीवर आणून ठेवला. मी ओसरीवर वेगळा पॉइंट ओढला, त्याला एमसीबी लावला. एमसीबी म्हणजे तारेतला करंट जास्त झाला की स्वतःहून पडणारं बटण. मागच्या झाकणाला काकूंनी कोठाराचं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. हिरवा दिवा, आणि गाडीवर चार काड्या.

“गोधडीचं काय केलं?” मी विचारलं.

“तुमच्या काकाच्या पायावर टाकली.”

काका मात्र लगेच गाडीवर बसले नाहीत. पहिल्या दोन खेपा काकू एकट्याच चिखलीला येऊन गेल्या आणि उरलेल्या काड्या घरी जाऊन त्यांना दाखवल्या. तिसऱ्या खेपेला ते बसले. व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, बोटं सुटतील, पण वेळ लागेल. लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी त्यांच्या गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार तुटली. असं झालं की घरात दोनशेच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घुसतात, आणि एमसीबी वाढलेला दाब अडवत नाही. अर्ध्या गावाचे टीव्ही, बल्ब, पंखे गेले. काकूंचा चार्जर कूलरच्या आत फट् करून फुटला, त्याचं प्लास्टिक वितळून फरशीच्या तुकड्यावर सांडलं आणि तिथेच थिजलं. कापूस तेव्हाही घरातच होता.

चार्जर घेऊन दोघं शोरूमला आले. काका काठी टेकत स्वतः पायऱ्या चढले. शेठजींनी तो वितळलेला गोळा हातात घेऊन उलटून पाहिला आणि नवीन चार्जर काढून द्यायला सांगितला. कंपनीला त्यांनी काय कळवलं, ते मी विचारलं नाही.

डिलिव्हरीच्या वेळी लेकराचं वाक्य मी आता बोलत नाही. फोटो तेवढे चांगले येत नाहीत. आमच्या जॉब कार्डवर मॉडेल, किलोमीटर, चार्जिंगचे तास, सगळ्याला रकाने आहेत. बॅटरी घरात कुठे ठेवता, याला रकाना नाही. तो मी पेनाने समासात काढतो आणि गिऱ्हाईक बरोबर सांगतंय असं वाटलं, तरी जमेल तेव्हा जाऊन पाहून येतो.