पहिला चेंडू टाकणाऱ्यांना यश दे!

महिला क्रिकेटच्या त्या आंतरराष्ट्रीय फायनलमध्ये समोरच्या संघाने जिंकावं म्हणून मी देवापुढे नारळ ठेवला होता. मुद्दाम नाही. पण ठेवला होता, आणि अख्ख्या घराकडून त्याला होकारही घेतला होता.

कारण माझी तेरा वर्षांची मुलगी सई. तिला क्रिकेटचं कोचिंग लावायचं होतं आणि मला तिचा नववीचा क्लास. वर्षभर आमच्या घाटकोपरच्या घरात हाच विषय शिजत होता. सेमीफायनल जिंकल्याच्या आनंदात मी एकदा बोलून गेलो, "फायनल जिंकलो तर कोचिंग. हरलो तर क्लास, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." सईने मला हे वाक्य माझ्या आईसमोर आणि बायकोसमोर, नीलिमासमोर, दोनदा म्हणायला लावलं. साक्षीदारांसकट फसलेला माणूस मी.

आमच्या कुटुंबात महत्त्वाच्या कामाआधी गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून घरातल्या मोठ्या पुरुषाने खणखणीत आवाजात मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. इथवर सगळ्या कोकणात चालतं तसंच. आमच्याकडे त्यावर आणखी एक रीत आहे. ज्याचं भलं मागायचं त्याचं नाव घ्यायचं नाही (नजर लागते), नुसती खूण सांगायची. देव हुशार आहे, तो ओळखतो, असं आमचे भाऊकाका म्हणतात. माझ्या नोकरीच्या वेळी त्यांनी "घाटकोपरच्या घरातल्या चष्मेवाल्याचं भलं कर" असं मागितलं होतं. त्या वर्षी माझ्या वडिलांना बढती मिळाली!

एरवी भाऊकाका कुडाळहून फोनवरच गाऱ्हाणं घालतात. त्या रविवारी दुपारी नेमका त्यांचा फोन लागेना. आई म्हणाली, तुझे वडील गेल्यावर आता घरातला मोठा पुरुष तूच. चाळिशी उलटल्यावर प्रथमच कुणी मला मोठा म्हटलं होतं, त्यामुळे मी लगेच सोवळं नेसायला धावलो.

बाहेर आलो तेव्हा टीव्हीवर टॉस चालला होता. आईने देवाच्या कामात गडबड नको म्हणून आवाज बंद केला होता. आपली कॅप्टन हसत समोरच्या कॅप्टनशी हात मिळवत होती. मी लगेच ताडलं की टॉस आपण जिंकला, आणि आता आपण बोलिंग घेणार. (माझा क्रिकेटचा अभ्यास दांडगा आहे. शाळेत मी बारावा गडी होतो.) खूण तर झकास सापडली होती. मी डोळे मिटले आणि घाटकोपरात वाढलेल्या माझ्या मोडक्या मालवणीत सुरू झालो.

"बा देवा म्हाराजा! आज ज्यो पोरी पयलो चेंडू टाकतले, तेंच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई, नीलिमा आणि सई एका सुरात म्हणाल्या. सईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या कांबळेवहिनी चिवड्याचा डबा घेऊन मॅच बघायला आल्या. त्या बँकेत अधिकारी आहेत, कॉलेजात स्वतः खेळायच्या, आणि नवस-गाऱ्हाण्यांच्या वाटेला जात नाहीत. सोफ्यावर बसता बसता त्या म्हणाल्या, टॉस हरलो, पण त्यांनी आपल्याला बॅटिंग दिली हे बरंच झालं.

टीव्हीवर समोरच्या संघाची एक उंच मुलगी चेंडू मांडीवर घासत धावायला मागे चालली होती. तिने पहिला चेंडू टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्यावर आपली ओपनर आऊट.

"मेल्या," आई म्हणाली, "कोणाचा गाऱ्हाणा घातलंस तू?"

मी टॉसचं सांगायला लागलो, हसण्याचं सांगितलं, हात मिळवण्याचं सांगितलं. कांबळेवहिनींनी शांतपणे समजावलं की टॉस हरल्यावरही सभ्य माणसं हात मिळवतात. सई मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. ती चिडली असती तर मला चाललं असतं. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत ना? क्लाससाठी?"

मी देवाची शपथ घेऊ लागलो, तर नीलिमा म्हणाली, देवाला आज अजून काही सांगू नका. मला खरंच वाईट वाटलं. पोरीला क्लासला पाठवायचं होतं हे खरं, पण त्यासाठी देशाच्या विरोधात नारळ ठेवीन इतका काही मी पोचलेला नाही.

पुढचे दोन तास मी भाऊकाकांना फोन लावत होतो. आपल्या मुली नेटाने खेळून धावसंख्या बऱ्यापैकी वर नेत होत्या. मध्येच एकीने सलग दोन चौकार मारले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, तर सई म्हणाली, "नक्की आपल्यासाठी वाजवताय ना?" त्यानंतर मी हात मांडीखाली घेऊन बसलो. इनिंग संपली आणि अखेर फोन लागला. भाऊकाका काजूच्या बागेत चढावर उभे होते, कारण गावात रेंज तिथेच येते. मी घडलेलं सांगितलं.

"घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय," ते म्हणाले. "आता तेच्यावर दुसरा घाल. पण मगे देव कोणाचा आयकतलो, ता माका इचारू नको."

घरात दुसरा नारळ नव्हता. जादाचा होता तो नीलिमाने सकाळीच चटणीसाठी फोडला होता. मी सोवळ्यातच चार जिने उतरून वाण्याकडून नारळ आणला आणि पुन्हा उभा राहिलो. आता खूण कोणती? "पहिली बॅटिंग करणाऱ्या" म्हणावं, तर मघाशी त्यांच्याविरुद्धच मागितलेलं. शेवटी म्हटलं, "ज्यो पोरी आता चेंडू टाकतले, तेंका यश दी." आई पुटपुटली, व्हय म्हाराजा. सईने तोंड उघडलं नाही. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं मी काकुळतीने म्हणालो. त्यावर ती म्हणाली की बाबा नक्की कुठल्या टीमचे आहेत, ते आधी ठरू दे.

त्यानंतर घरात कुणाला काही कळेनासं झालं. त्यांचा चौकार गेला की आई म्हणायची, ह्या पयला. त्यांची विकेट पडली की म्हणायची, ह्या दुसरा. मीही हात जोडायचो आणि मग कुठल्या नारळाकडे बघून जोडावे ते न समजून सोडायचो. कांबळेवहिनी म्हणाल्या, अहो, त्या मुली वर्षानुवर्षं घाम गाळतायत, त्यांच्यावर थोडं सोपवा की. पण ऐकायच्या अवस्थेत कोण होतं?

शेवटच्या षटकात त्यांना आठ धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर चौकार. सई उठली, तिने मला दंडाला धरलं आणि दाराबाहेर, जिन्यात नेऊन उभं केलं. दार लावून घेतलं. आता मी सोवळ्यात, चपलांच्या स्टँडसमोर, आणि माझ्या पोरीचं नशीब भिंतीपलीकडे. इमारतीतून आवाज येत होते, पण हर्षाचे की दुःखाचे तेच उमगेना. एकदा सगळे ओरडले. मग सगळे गप्प झाले. वरच्या मजल्यावर कुणीतरी रडल्यासारखं केलं. खाली कुणी फटाक्यांची माळ लावली आणि कुणीतरी त्याला शिव्या दिल्या. वाट लागली, असं मी धरून चाललो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला नववीच्या क्लासचा मनापासून राग आला.

दार उघडलं. सई माझ्या गळ्यात पडली. शेवटच्या चेंडूवर त्यांना तीन हव्या होत्या. एक धाव पुरी झाली, दुसरी घेताना सीमारेषेवरून आलेल्या फेकीने रन आऊट, तिसऱ्या पंचाने चार वेळा बघून लाल दिवा लावला. एका धावेने आपण जिंकलो होतो! आईने लगेच भाऊकाकांना फोन लावला आणि कुठलं गाऱ्हाणं फळलं ते विचारलं. ते म्हणाले, "देवान तेचा एकय आयकूक नाय, म्हणान जिंकले."

सईचं कोचिंग दुसऱ्याच आठवड्यात लागलं. तिच्या सामन्यांना मी आलेलं तिला चालतं, पण एका अटीवर. मी समोरच्या संघाच्या पालकांत बसायचं आणि मनापासून त्यांचं भलं चिंतायचं. मीही निमूटपणे तसंच करतो. परवा मुलुंडच्या मैदानावर शेजारच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, तुमची मुलगी कुठली? मी बोलिंग करणाऱ्या सईकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती तर त्यांच्या टीममधली."

"हो," मी म्हटलं, "तिनेच मला तुमच्यासाठी प्रार्थना करायला पाठवलंय." आणि मग त्यांना नारळाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली, हसल्या, मला पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तुमच्या मुलीच्या बाजूला जाऊन बसा ना, प्लीज."